वहीतलं जास्तीचं पान

"माझं काही चोरीला गेलेलं नाही," खुर्चीत बसता बसता कालिंदी शेवडे म्हणाल्या. "उलट एक पान जास्त झालंय. आणि त्या पानानं मला चोर ठरवलंय."

उल्हासराव गर्द्यांनी चहाचा कप खाली ठेवला. चौतीस वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे, तक्रार घेऊन येणाऱ्याचं काहीतरी हरवलेलं असतं अशी त्यांची पक्की समजूत होती. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परत न जाता ते बनारसातच राहिले, दूधविनायकच्या गल्लीत, बकुळ दीक्षितच्या वरच्या मजल्यावर भाड्याने. बकुळ खासगी तपासाची कामं घेते हे कळल्यावर आपण तिच्या फार उपयोगी पडतो, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. बकुळने त्याला कधी हरकत घेतली नाही, हा तिचा मोठेपणा.

"पहिल्यापासून सांगा, काकू," बकुळ म्हणाली.

"'पंचधारा' ठंडाईचं वाटण तुमच्याकडे असेलच. बरणी उघडायची, चमचाभर दुधात घालायचं. तीन महिने खराब होत नाही आणि आत कसली औषधं नाहीत. ती टिकवण्याची रीत माझी आहे. मी २००१ साली अण्णांकडे वाटायला लागले आणि दोन वर्षं हात भाजून ती शोधली."

अण्णा म्हणजे वेणीमाधव धर्माधिकारी, 'पंचधारा'चे संस्थापक. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. कालिंदीबाईंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर अण्णांनी सहीनिशी लिहून दिलं होतं, की ठंडाई टिकवण्याची रीत कालिंदी शेवडे यांनी शोधली, आणि कंपनी कधी विकली गेली तर तिसरा हिस्सा त्यांचा.

"आता कंपनी विकली जातेय?" बकुळने विचारलं.

"आज चार वाजता सह्या आहेत. पुण्याची मोठी कंपनी घेतेय. गेल्या आठवड्यात त्यांच्या माणसाला अण्णांच्या जुन्या वहीत १९९८चं एक पान सापडलं. त्यात माझी रीत लिहिलेली आहे, अण्णांच्या अक्षरात. मी कारखान्यात यायच्या तीन वर्षं आधीची. वकील म्हणतात, म्हातारपणी अण्णांना आठवलं नसेल, रीत त्यांचीच. म्हणजे मी वहीतून वाचली आणि माझी म्हणून सांगितली."

"ते पान तुम्ही आधी पाहिलं होतं?"

"ती वही मी शेकडो वेळा उघडली असेल. तिथं कोरं पान होतं. पण हे माझ्याशिवाय कोण सांगणार?" त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली. "आज जेठाचा सहावा दिवस. या दिवसांत कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. आणि सकाळी मला दारातच सांगितलं, काकू, आज घरीच बसा. हिस्सा गेला तर जाऊ दे. पण तेवीस वर्षांनी मला त्या पायरीवरून चोर म्हणून उतरवलं, हे नाही सहन होत."

वैशाख, उल्हासरावांनी मनातल्या मनात दुरुस्ती केली. त्यांच्या खोलीत साताऱ्याहून चुलतभावाने पाठवलेलं कॅलेंडर होतं आणि त्यावर वैशाख वद्य षष्ठी स्पष्ट लिहिलेली होती. पण बाई आधीच कावरीबावरी झालेली. अशा वेळी महिना चुकायचाच.

बकुळने घड्याळात पाहिलं. साडेनऊ वाजले होते.

"चला, उल्हासराव."

*

'पंचधारा'चा कारखाना मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत होता. खाली वाटण्याची यंत्रं, वर ऑफिस. उन्हं आत्ताच अंगावर येत होती, आणि जिन्यापर्यंत बडीशेप आणि वेलदोड्याचा वास भरून राहिला होता. उल्हासरावांनी सवयीने इमारतीची किंमत डोळ्यांनी केली. यंत्रं जुनी, छत गळकं, जागा भाड्याची. यावर त्यांनी आयुष्यात कर्ज मंजूर केलं नसतं.

वही विश्वजीतने आणून दिली. विश्वजीत हा अण्णांचा मुलगा, पंचेचाळिशीचा, रात्रभर झोप न झालेला. वही जाडजूड, कापडी पुठ्ठ्याची. अण्णा फक्त उजव्या पानावर लिहीत. डावं पान पुढे काही सुचलं तर म्हणून कोरं सोडत.

"वाचा मोठ्यानं," बकुळ उल्हासरावांना म्हणाली. "कुठूनही."

त्यांनी मधलंच एक पान उघडलं. "१९९६. फाल्गुन वद्य चतुर्दशी. महाशिवरात्र. पहाटेपासून रांग. दूध दोन मण दहा शेर. वाटण संध्याकाळी उरलं ते दुसऱ्या दिवशी आंबलं, गाईला घातलं." त्यांनी मान वर केली. "दोन मण दहा शेर. कमाल आहे."

"आता ते पान. आधीचं आणि नंतरचंही."

आधीचं पान १९९८च्या फाल्गुन शुद्ध दशमीचं होतं. त्यात खरबुजाच्या बियांचा भाव चढल्याची कुरकुर. नंतरचं चैत्र शुद्ध तृतीयेचं, गुलाबपाकळ्यांबद्दल. दोन्ही उजवीकडची. त्यांच्या मधल्या डाव्या पानावर, त्याच निळ्या शाईत, त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

"फाल्गुन वद्य पंचमी. होळीला केलेलं वाटण आज पाचव्या दिवशीही जसंच्या तसं. बिया भिजवलेलं पाणी टाकून दिलं, वाटण वाफेवर सुकवलं, मग कोमट पाकात घातलं. आंबट वास नाही."

उल्हासरावांनी भिंग लावून पाहिलं. शाई मुरलेली वाटत होती, कागद तर वहीचाच. शाईची बाटली अजून अण्णांच्या मेजावरच आहे, असं विश्वजीत म्हणाला. तिथून काही हाती लागायचं नाही, हे उल्हासरावांनाही कळलं.

बकुळ मात्र त्या तीन पानांवरून बोट मागेपुढे फिरवत राहिली. मग तिने वही पहिल्यापासून चाळायला घेतली, ती अर्धा तास. उल्हासरावांचा जीव टांगणीला लागला. सहा तास उरले होते आणि ही बाई भाव वाचत बसली होती.

*

पहिला कुणाल. पुण्याच्या कंपनीतर्फे 'पंचधारा'ची किंमत ठरवायला आलेला तिशीचा मुलगा. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना निळी शाई लागलेली होती आणि खिशात शाईचं पेन होतं. उल्हासरावांनी बकुळकडे सूचक नजर टाकली. तिने ती घेतली नाही.

"तुम्ही या कारखान्याला एवढी किंमत कशाची देताय?" उल्हासरावांना राहवेना. "तारण काय आहे इथे?"

कुणाल हसला. "इमारत आणि यंत्रं मिळून किमतीचा पाचवा हिस्सासुद्धा नाही, सर. बाकी सगळं बौद्धिक भांडवल. खाण्यापिण्याच्या धंद्यात तसंच असतं. बदाम कुणीही विकत घेतो. त्यांचं काय करायचं हे ठाऊक असणारी माणसं, लिहून ठेवलेल्या रीती, आणि दुकानदारांचा विश्वास, हे तीन भाग. आम्ही तेच मोजतो."

"आणि ते खरं आहे कशावरून?" बकुळने विचारलं.

"नफ्यावरून. हे बघा." त्याने एक आलेख पुढे केला. "२००३ पर्यंत रेघ आडवी. २००४ पासून चढायला लागली ती आजतागायत. कारण २००४ साली माल प्रथम बनारसबाहेर गेला. गोरखपूर, पाटणा. आंबलं नाही म्हणून जाऊ शकला."

"मग रीत काकूंची असली काय आणि अण्णांची असली काय, तुम्हाला काय फरक पडतो?"

"खूप पडतो, मॅडम. माणसाच्या डोक्यातलं भांडवल संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी जातं. कागदावरचं कारखान्यात राहतं. तीन आठवड्यांपूर्वी मी विश्वजीत आणि त्यांच्या बायकोला इथेच सांगितलं होतं, रीत लेखी नसेल तर मला किंमत निम्मी करावी लागेल, कदाचित व्यवहारच होणार नाही. मग गेल्या आठवड्यात वही दोन दिवस माझ्याकडे होती. पान मलाच सापडलं. मी खूश झालो, खोटं कशाला सांगू."

बकुळने त्याचं म्हणणं एका रेघी कागदावर उतरवलं होतं. तो तिने त्याच्यापुढे सरकवला. "सही करा. तारीख घाला, आणि तिथीही. माझ्या वडिलांची सवय, तिथीशिवाय कागद पुरा वाटत नाही मला."

"तिथी मला कुठून येणार?" कुणाल म्हणाला. "आईला फोन करावा लागेल." त्याने तारीख घातली आणि तिथीची जागा मोकळी सोडली.

विश्वजीत आला तो उभाच राहिला.

"मला पण धक्काच बसला, ताई. अण्णा नेहमी सांगायचे, काकूंची रीत आहे. पण आता कागद सामने आहे तर मी काय करू? वकील म्हणतो, काकूंना आज आत घेऊ नका. मी मान खाली घालून सांगितलं त्यांना."

"अक्षर अण्णांचंच?"

"बिलकुल. तसं शेवटी दोन वर्षं त्यांचा हात कापायचा. चिठ्ठ्या कधी मी लिहायचो, कधी माझी बायको सुरुची. अक्षर त्यांच्यासारखंच लागायचं त्यांना, नाहीतर फाडून टाकायचे."

"ही वही कुठे असायची?"

"पूर्वी खाली दुकानात, खुंटीला. गवळी, हलवाई, जो येईल तो उघडून बघायचा. मागच्या होळीला किती माल नेला, जन्माष्टमीला किती, आणि तेवढाच परत सांगायचा. २००८ला दुकान बंद केलं, फक्त कारखाना ठेवला. तेव्हापासून कपाटात आहे. कपाटाची चावी ऑफिसात असते, आम्हा दोघांना माहीत."

"धंदा विकायची एवढी घाई का?"

त्याने तोंड पुसलं. "मी अण्णा नाही, ताई. मला चव कळत नाही. काकू साठीला आल्या. उद्या त्या नसतील तर 'पंचधारा'त काय उरतं? हे मला रोज सतावतं."

सही करताना तो तिथीपाशी अडला. मग भिंतीवर टांगलेल्या, कुठल्याशा सुकामेव्याच्या दुकानाने दिलेल्या कॅलेंडरकडे पाहून त्याने लिहिलं: ज्येष्ठ वद्य षष्ठी. उल्हासरावांना त्याची कीव आली. धर्माधिकाऱ्यांच्या घरचा मुलगा, आणि महिना धड येत नाही.

शेवटी सुरुची, विश्वजीतची बायको. मूळची सांगलीची, लग्न होऊन बारा वर्षं झालेली. तिने आधी सगळ्यांना पाणी दिलं, मग बसली. एवढ्यात तिचा फोन वाजला.

"हाँ, यादवजी. परसों तक पहुँच जाएगा, हमारे ऊपर छोड़िए. बिटिया का रिजल्ट आया? अच्छा, बहुत अच्छा." तिने फोन ठेवला. "माफ करा. चारशे हलवाई आहेत आमचे. प्रत्येकाला माझाच नंबर हवा असतो."

"अण्णा कसे होते?" बकुळने विचारलं.

सुरुचीचा चेहरा निवळला. "सासरे कमी, वडील जास्त. रोज सकाळी पूजेला बसायचे, मी शेजारी गंध उगाळत. आठ वर्षं एक दिवस चुकला नाही. तेवढा वेळ मला सांगलीत असल्यासारखं वाटायचं. बाकी दिवसभर मग हे बनारस आहेच."

"आणि कालिंदीकाकू?"

"काकूंबद्दल मला वाईट वाटतं," ती म्हणाली. ते खरं वाटत होतं. "पण कागद आहे तो आहे. व्यवहार मोडला तर खालच्या एकवीस माणसांचं काय, हा विचार कुणीतरी करायला हवा."

तिने सही केली, तारीख घातली आणि इकडेतिकडे न बघता लिहिलं: वैशाख वद्य षष्ठी. या घरात एक तरी माणूस पंचांग पाळतं, म्हणून उल्हासरावांना बरं वाटलं.

*

दोन वाजता बकुळ संकठा घाटाच्या वरच्या पायरीवर सावलीत बसली होती आणि उल्हासराव तिच्यापुढे येरझाऱ्या घालत होते.

"कुणाल," ते म्हणाले. "बोटांना शाई. वही दोन दिवस त्याच्या ताब्यात. पान सापडलं तेही त्यालाच. याहून काय हवं तुम्हाला?"

"तो विकत घेणाऱ्याचा माणूस आहे, उल्हासराव. पान नसतं तर त्याला निम्म्या किमतीत माल मिळत होता. स्वतःच्या कंपनीला दुप्पट खर्च पाडायला तो खोटं पान का लिहील?"

उल्हासराव थांबले. एवढी साधी गोष्ट चौतीस वर्षं बँकेत काढूनही आपल्याला सुचू नये, याचा त्यांना राग आला.

"मग विश्वजीत. चव कळत नाही, घाई झालेली, अक्षर येतं. नाहीतर दोघं मिळून. पण सिद्ध कसं करणार? कागद खरा, शाई खरी, अक्षर तेच. मला तर..." ते घुटमळले. "मला तर वाटतं, पान खरंही असेल. कालिंदीबाईंनी नकळत कधीतरी वाचलं असेल."

बकुळने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत चेष्टा नव्हती, त्यामुळे ते जास्तच अवघडले.

"तुम्हाला ते पान खरं वाटलं, कारण ते तुम्ही लिहिलं असतं तर तसंच लिहिलं असतं," ती म्हणाली. "घरी जाऊन तुमच्या खोलीतलं कॅलेंडर काढून आणा. साताऱ्याचं."

"कॅलेंडर?"

"तीन वाजता कारखान्यात भेटू. काकूंना मी घेऊन येते."

*

ऑफिसात सगळे जमले तेव्हा वकिलाने तयार केलेले कागद मेजावर मांडलेले होते. कालिंदीबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या; खुर्ची दिली तरी घेईनात. उल्हासराव काखेत कॅलेंडरची गुंडाळी घेऊन उभे होते आणि ती कशासाठी आणली हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

"पहिला प्रश्न कुणालच्या आलेखाने विचारला," बकुळने सुरुवात केली. "अण्णांना १९९८ साली रीत सापडली होती, तर माल बाहेर जायला २००४ का उजाडलं? पाचव्या दिवशी वाटण आंबत नाही हे कळलेला व्यापारी सहा वर्षं गप्प बसेल? आणि ज्या वर्षी काकू म्हणतात की रीत सापडली, त्याच्या पुढच्याच वर्षी रेघ वर गेली. भांडवल डोक्यातलं असो की कागदावरचं, ते आलं की नफ्यात दिसतं. ते दिसलं काकूंच्या वर्षी."

"हा पुरावा नाही, मॅडम," कुणाल म्हणाला, पण सावकाश.

"नाही. हा संशय. पुरावा पानातच आहे." तिने वही उघडली. "उल्हासराव, कॅलेंडर उलगडा. आज कुठला महिना?"

"वैशाख. वैशाख वद्य षष्ठी."

"विश्वजीत, तुमच्या भिंतीवर?"

"ज्येष्ठ," विश्वजीत म्हणाला. "जेठ."

उल्हासरावांनी एका कॅलेंडरकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एकोणीस वर्षं बनारसात राहून हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते कायम इथल्या लोकांचं चुकतं असं धरून चालले होते.

"दोन्ही बरोबर आहेत," बकुळ म्हणाली. "आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे नाव एकच. वद्य पक्षात मात्र इथलं नाव एक महिना पुढे असतं. सकाळी काकू जेठ म्हणाल्या तेव्हा त्या चुकल्या नव्हत्या, त्या फक्त बनारसच्या होत्या. आता अण्णांचं पान बघा. फाल्गुन वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र. आपल्याकडे महाशिवरात्र कधी?"

"माघात," उल्हासराव पुटपुटले. हे पान त्यांनी स्वतःच्या तोंडाने मोठ्यानं वाचलं होतं, आणि त्यांना त्यात फक्त दूध दिसलं होतं.

"माघ वद्य चतुर्दशी. इथे तीच फाल्गुनात. वहीत अशी आणखी सात पानं मी मोजली. जन्माष्टमी प्रत्येक वर्षी भाद्रपदात आहे. कारण ही वही दुकानात खुंटीला असायची. गवळी आणि हलवाई ती बघून माल सांगायचे, म्हणून अण्णा तिच्यात त्यांचा महिना लिहायचे. मग अण्णांच्या या वहीत फाल्गुन वद्य पंचमी केव्हा येते?"

उल्हासरावांनी बोटांवर मोजलं. "महाशिवरात्रीच्या नऊ दिवस आधी."

"म्हणजे होळीच्या पंचवीस दिवस आधी. आणि पान म्हणतं, होळीला केलेलं वाटण आज पाचव्या दिवशी. अण्णांनी लिहिलं असतं तर चैत्र वद्य पंचमी लिहिलं असतं. हे पान अण्णांचं नाही. ज्याने लिहिलं त्याने पुढची आणि मागची पानं पाहून नक्कल केली. पण ती दोन्ही शुद्ध पक्षातली होती, म्हणून फरक समजला नाही."

कालिंदीबाईंनी दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली होती.

"लिहिणाऱ्याला तिथी मनाने येत होती," बकुळ पुढे म्हणाली. "कुणालला ती येत नाही, आणि खोटं पान त्याच्या कंपनीच्या तोट्याचं. विश्वजीत याच दुकानात वाढले, आज सहीबरोबर त्यांनी ज्येष्ठ लिहिलं. त्यांनी नक्कल केली असती तर चैत्रच आला असता. राहिलं..."

"अण्णा फाल्गुनच म्हणायचे." सुरुची उभी राहिली होती. "होळीनंतरसुद्धा. आठ वर्षं मी शेजारी बसून संकल्प ऐकलाय. फाल्गुन मासे, कृष्ण पक्षे, हेच म्हणायचे ते. मी चुकीचं ऐकलं नाही."

"नाही," बकुळ म्हणाली. "देवासमोर ते तसंच म्हणायचे. गवळ्यासमोर नाही. तुम्हाला देवासमोरचे अण्णा माहीत होते. म्हणून तर तुम्हाला दुसरं पान उलटून बघायची गरज वाटली नाही."

सुरुची खाली बसली. विश्वजीत तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याला यातलं काही माहीत नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं.

"सुरुची, तू?"

"मग काय करणार होते?" तिचा आवाज चढला नाही, पण फाटला. "निम्मी किंमत, नाहीतर व्यवहारच नाही. तुम्ही रात्रभर छताकडे बघत पडायचे. रीत काकूंच्या हाताखाली उभं राहून मी पाहिली होती, बारीक मापं त्यांच्याच हातात राहिली. ती कागदावर यायला हवी होती. अण्णांच्या नावावर आली की कुणाला दुखणार नाही असं वाटलं मला. आणि..." ती कुणालकडे वळली. "तुमच्या अहवालात चारशे दुकानदारांचा विश्वास हे कंपनीचं भांडवल लिहिलंय. कुठल्या कंपनीचं? त्यांच्या मुलींची लग्नं मला माहीत आहेत, आजारपणं मला माहीत आहेत. तिथं माझं नाव कुठे आहे? इथं कुणाचंच नाव कशावर नसतं, मग काकूंचंच का असावं, असंही आलं मनात. खोटं कशाला बोलू."

उल्हासरावांना तिचा राग यायला हवा होता. तो आलाही, पण पुरता टिकला नाही.

कुणालने सह्यांचे कागद गोळा केले. "मग मला पहिल्या अहवालाकडे परत जावं लागेल," तो म्हणाला. "रीत एका व्यक्तीच्या डोक्यात आहे. आज सह्या होणार नाहीत. मला माफ करा."

खाली यंत्रं थांबली होती. जेवणाची सुट्टी संपून गेली तरी कामगार वर कान लावून उभे असावेत.

कालिंदीबाई उठल्या आणि सुरुचीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सुरुचीने मान वर केली नाही.

"तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडे आली असतीस तर मी बसून लिहून दिली असती," त्या म्हणाल्या. "कशाला लपवली असती मी? बरोबर घेऊन जायची होती का मला? तेवीस वर्षांत एकानं म्हटलं नाही, काकू, हे लिहून द्या. अण्णांनीही नाही. सगळ्यांना वाटायचं, बाई रीत दाबून बसलीय. मला कुणी विचारलंच नाही गं."

सुरुची तेव्हा रडली. इतका वेळ ती रडली नव्हती.

कुणाल कागद हातात घेऊन तसाच उभा होता. "आता लिहून द्याल?" त्याने विचारलं. त्याच्या बोलण्यात आता हिशेब नव्हता, भीड होती.

"देईन. पण वर आधी माझं नाव घालीन, मग रीत. आणि दुकानदारांच्या कागदावर हिचं." त्यांनी सुरुचीकडे बघितलं नाही. "तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. पण ते चारशे हलवाई तिचेच आहेत."

विश्वजीतने खुर्ची पुढे केली. या वेळी कालिंदीबाई तिच्यावर बसल्या. कुणालने आपलं पेन उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागद सरळ केला, वरच्या बाजूला जागा सोडली आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं, नवऱ्याचं, सगळं.

मग त्या ते नाव बघत बसल्या. चार वाजून गेले होते. त्यांना घाई करायचं कुणाच्या मनात आलं नाही.